टुकनीची खरी गोष्ट

गोल बाज़ारात बांबूच्या लहान टुकन्या दिसायला लागल्या की श्रावण निम्म्यावर आला असं समजावं. टुकनी म्हणजे आपली टोपली, पण इकडची, रायपूरची, उथळ आणि रुंद तोंडाची. बांबूचं काम करणाऱ्या बायका त्या एकात एक घालून उंच चळत रचतात, वरून प्लास्टिक टाकतात आणि पावसात बसून राहतात. मी यंदा तिथे नळाची गाळणी घ्यायला गेलो होतो. चळतीतली एक टुकनी उचलली. ओल्या बांबूचा वास आला आणि हात थंड पडला. बाई म्हणाली, "ले जाओ बाबूजी, भोजली बर बने हे." भोजलीसाठी चांगली आहे. मी टुकनी खाली ठेवली आणि गाळणी न घेताच घरी आलो.

माझं वय आता असं आहे की भीती वाटली तर लोक म्हणतात बी.पी. तपासा. बी.पी. ठीक आहे.

भोजली काय ते नागपूरकडच्या वाचकांना सांगायला हवं. राखीच्या आठवडाभर आधी टुकनीत माती भरून भिजवलेले गहू पेरतात आणि ती घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. रोज हळदीचं पाणी शिंपडतात. उजेड अजिबात लागू देत नाहीत. त्यामुळे रोपं हिरवी होत नाहीत, पिवळी होतात, लांब आणि मऊ. जितकी पिवळी तितकी भोजली चांगली आली म्हणायचं. तिला देवी मानून संध्याकाळी बायका तिच्याभोवती बसून गातात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टुकन्या डोक्यावर घेऊन तलावावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि रोपं घेऊन परततात. मग ती रोपं एकमेकींच्या कानामागे खोचतात. दोन बायकांनी मनात धरून अशी रोपं खोचली की त्या जन्मभराच्या मैत्रिणी झाल्या. त्यानंतर त्या एकमेकींचं नाव घेत नाहीत. एक दुसरीला भोजली म्हणते, दुसरी पहिलीलाही भोजलीच म्हणते. जात, घर, धर्म कुणी विचारत नाही. एक गेली तर दुसरी सुतक पाळते.

आमच्या समाजात माझी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तिला टुकनीची गोष्ट म्हणतात. चौदा एप्रिलला, दीक्षा दिनाला, कुणाच्या ना कुणाच्या सत्काराला मेश्राम मला माइकपुढे ढकलतो. मेश्राम माझा जुना मित्र, रेल्वेतून रिटायर झालेला, सगळ्या सभांचा सूत्रधार. "दादा, टुकनीची होऊन जाऊ द्या. नवीन पोट्ट्यांनी आयकली नाही." मग मी सांगतो: नवीन राज्य झालं होतं, कावीळ पसरली होती, माझी बायको मरणाच्या दारात होती, शेजारची बाई घरात देवीची टुकनी ठेवून गेली होती. अशा वेळीही मी डगमगलो नाही. भर दुपारी ती टुकनी उचलली आणि नालीत फेकली. टाळ्या पडतात. समाजाच्या मंडळाच्या वार्षिक अंकात माझ्या परिचयात हे वाक्य दरवर्षी छापून येतं.

त्यात कावीळ खरी आहे, टुकनी खरी आहे, नाली खरी आहे, दुपार खरी आहे. बाकी सगळं आज दुरुस्त करतो.

तेव्हा आम्ही पुरानी बस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. मी सरकारी ड्राफ्ट्समन. रायपूर राजधानी झालं आणि शहराच्या अंगावर कपडे एकदम तोकडे पडले. कचेऱ्यांना जागा नव्हत्या. आमचा विभाग जुन्या इस्पितळाच्या इमारतीतल्या एका वॉर्डात बसवला होता. भिंतींवर खाटांचे नंबर तसेच होते. माझ्या टेबलावरच्या भिंतीत सलाइनची बाटली अडकवायचं लोखंडी कडं होतं, त्याला मी छत्री अडकवायचो. आम्ही नव्या वस्त्यांचे नकाशे रंगवत होतो. व्यापाराला निळा, उद्यानाला हिरवा, धार्मिक जागेला वेगळा रंग, आणि माणसं जिथे राहणार तिथे पिवळा. दिवसभर मी पिवळा भरायचो. संध्याकाळी बोटं पिवळी घेऊन घरी जायचो आणि कुसुम म्हणायची, "या, हळद लावून आले नवरदेव."

कुसुम म्हणजे माझी बायको. गोंदियाची. बोलणं तिकडचं, हसणं मोठं. शेजारी मुर्रा, म्हणजे मुरमुरे, भाजणाऱ्यांचं घर होतं. तिथली सून दुलारीबाई आणि कुसुम एका वयाच्या. एका श्रावणात कुसुम तलावावर नुसतं पाहायला गेली आणि कानामागे पिवळी रोपं खोचून घरी आली.

"हे काय?" मी विचारलं.

"मी तिची भोजली झाली, ते माझी भोजली झाली. आता तिचं नाव घ्यायचं नाही मले."

"म्हणजे देवीला नमस्कार केलास?"

"देवी कुठं हो? तलाव होता, ते होती अन् मी होती." मग म्हणाली, "ते मले सीताराम भोजली म्हणते. मी तिले जयभीम भोजली म्हणते. दोघींले चालते. तुमालेच काहून चालत नाही?"

मला का चालत नव्हतं? माझ्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि गावी येऊन देव्हाऱ्यातले टाक वैनगंगेत सोडले. ते सांगायचे, टाक बुडाले तेव्हा माझी पाठ पहिल्यांदा सरळ झाली. त्यांनी देव सोडले ते मान मिळवायला, आणि तो त्यांना मिळाला. मला सरळ पाठ आयती मिळाली होती. मी आणखी पुढे गेलो. विहारात वंदनेला उभं राहायलाही मला संकोच वाटायचा. मी मेश्रामला म्हणायचो, मला शरण जाणं हा शब्दच नको, मी निव्वळ डोळे उघडे ठेवणारा माणूस आहे. बायको अशा एका नात्यात शिरली होती ज्याला माझ्या नकाशात रंग नव्हता. ते धर्मात बसत नव्हतं आणि धर्म सोडलेल्यांच्या शिस्तीतही बसत नव्हतं. म्हणून मी मुद्दाम दुलारीबाईला दुलारीबाई अशीच हाक मारायचो. भोजलीच्या नवऱ्यानंही भोजलीच म्हणायचं, अशी रीत. मी तिचं नाव उच्चारलं की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि कुसुम दुसरीकडे पाहायची.

मग तो श्रावण आला.

आधी गल्लीच्या टोकाच्या घरात कावीळ झाली, मग मधल्या घरात. कुणी म्हणायचं नळाचं पाणी, कुणी म्हणायचं उसाचा रस. नळाला पाणी आलं की बायका हंडा लावायच्या आणि पाण्याकडे पाहत उभ्या राहायच्या. पाणी स्वच्छ दिसायचं. तेच भीतीचं होतं. गल्लीतली एक गरोदर बाई तीन-चार दिवसांत गेली. तिला नेताना पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं, श्रावणातलं ते पिवळट ऊन. मी खिडकी लावून घेतली. त्याच आठवड्यात कुसुमनं अन्नावरची वासना उडाल्याचं सांगितलं. मी तिची पापणी खाली ओढून पाहिलं. दिवसभर मी जो रंग भरत होतो तो तिच्या डोळ्यांत होता.

डॉक्टर शांत होते. विश्रांती, ग्लुकोज, उकळलेलं पाणी. मी विचारलं, हळद बंद करू का? ते हसले. म्हणाले, हळदीचा काय संबंध, तुम्ही शिकलेले आहात. मी पण हसलो. घरी आलो आणि हळदीचा डबा उचलून कपाटावर मागे ढकलला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाजी पांढरी व्हायला लागली. कुसुम म्हणाली, "अहो, हे वरण हाय का चुन्याचं पाणी?" मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलंय.

आणि आतल्या स्टोअरमध्ये, खिडकी नसलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीमागे कुसुमची टुकनी होती. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनं गहू पेरले होते. आता तिला उठवत नव्हतं, म्हणून दुलारीबाई रोज दुपारी यायची. हातात काशाचा लोटा, लोट्यात हळदीचं पाणी. आधी कुसुमच्या उशाशी बसायची, तिच्या कपाळावर हात ठेवायची, हळू आवाजात काही गुणगुणायची. मग आत जाऊन पाणी शिंपडायची.

"भोजली बने बाढ़त हे," ती सांगायची. चांगली वाढतेय.

"अन् मी सुकून राहिली," कुसुम म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मी दारात उभा असायचो. मला ते हसणं ऐकवायचं नाही. वाढतेय. सुकतेय. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकत्र बसली आणि मी ती पुन्हा वेगळी करू शकलो नाही. वॉर्डातल्या टेबलावर पिवळा भरताना मला वाटायचं, मी जितका भरतो तितका तिच्यात उतरतो. मी हिरव्या रंगाचं काम मागून घेतलं. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, डोळ्यांवर ताण येतो. देव न मानणाऱ्या माणसाला भीती वाटली तर तिला घेऊन जायला जागाच नसते. माझी आई असती तर तिनं कुठेतरी नारळ ठेवला असता. वडील असते तर बुद्धांच्या तसबिरीपुढे उभे राहिले असते. मी उभा राहून फक्त पाहत होतो. उघडे डोळे ठेवणारा माणूस अंधारात काय करतो, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी कुसुम झोपेत बडबडत होती. तिचे ओठ, नखं, तळवे, सगळं पिवळं. ग्लुकोजचा डबा संपला होता, दुसरा स्टोअरमध्ये होता. मी दार उघडलं. आतली हवा गरम आणि ओली होती, कोंडलेल्या मातीचा वास होता. पेटीमागे वाकलो आणि पाहिलं.

रोपं वीतभर उंच झाली होती. इतकी पिवळी की अंधारात ती स्वतःच्या उजेडानं दिसत होती असं वाटलं. आणि सगळीच्या सगळी दाराकडे झुकलेली होती. माझ्याकडे. मला ठाऊक आहे की रोप फटीतल्या उजेडाकडे झुकतं. तेव्हाही ठाऊक होतं. त्या माहितीचा काही उपयोग झाला नाही. माझ्या मानेवर काटा आला आणि मला पूर्ण खात्री पटली की ही टुकनी माझ्या बायकोला पिते आहे. हा अंधार तिचा रंग घेतो आहे आणि हिला देतो आहे. ती राखीच्या दिवसापर्यंत पुरी वाढेल आणि कुसुम पुरी संपेल.

मी टुकनी उचलली. ती जड होती. अंगावर धरवेना म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळली, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि नालीवर उलटी केली. माती आधी पडली. रोपं मुळांच्या जाळ्यानं एकमेकांना धरून होती, ती सुटेनात. मी बोटं घालून ओढली. तोंडानं काय म्हणत होतो ते आठवतं. "सोड तिला. सोड." मी, ज्यानं शरण हा शब्द नाकारला, तो नालीशी वाकून गव्हाच्या रोपांची विनवणी करत होतो.

मान वर केली तर दुलारीबाई उभी. हातात लोटा.

"ए का करत हव, बाबू साहेब?"

तिनं माझं बोलणं ऐकलं असेल का? मला आजही माहीत नाही. पण मी असा पकडला गेलो होतो की मरण बरं वाटलं असतं. एका क्षणात मी ताठ झालो. वडिलांची सरळ पाठ अंगात घातली. आणि स्वच्छ, ऑफिसच्या हिंदीत म्हणालो, "उसी ने कहा है फेंकने को। उसको यह रिश्ता अब नहीं रखना। हम लोग यह सब नहीं मानते। आप भी मत आइए।"

 तिनं लोटा मागच्या भिंतीवर ठेवला. नालीतल्या रोपांकडे पाहिलं, मग आमच्या घराच्या दाराकडे, जणू आतून कुसुम बाहेर येऊन काही बोलेल.  कुसुम आत झोपली होती. मग दुलारीबाई परत गेली.

त्या रविवारी मंडळातले लोक आजाऱ्याला पाहायला आले. गल्लीत टुकनीची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. मेश्रामनं विचारलं, "दादा, फेकली म्हणता? खरंच?" मी मान हलवली. एवढंच केलं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. पुढची गोष्ट त्यानंच रचली, मी फक्त नाकारली नाही. पुढे मीच ती सांगायला लागलो, आणि सांगता सांगता माझा आवाज मलाच आवडायला लागला.

कुसुम बरी झाली. विश्रांतीनं, ग्लुकोजनं, उकळलेल्या पाण्यानं. हे लिहितानाही मनाचा एक कोपरा म्हणतो, टुकनी फेकली म्हणून. वीस वर्षं तो कोपरा बंद होत नाही.

पहिल्यांदा उठून मागच्या दारी गेली तेव्हा तिला लोटा दिसला.

"हा तं भोजलीचा. ते आली होती?"

"कुणाच्या तरी हाती पाठवला. घाबरली असेल. तिच्या घरात लहान मुलं आहेत."

कुसुमनं लोटा हातात फिरवला. "घाबरली? भोजली?" मग म्हणाली, "हव. घाबरनच. लेकरं हायेत." ती पुन्हा आत येऊन पडली, भिंतीकडे तोंड करून.

मी लगेच चौबे कॉलोनीत घर पाहिलं. पाणी चांगलं आहे असं सगळ्यांना सांगितलं. शहर तेव्हा फार मोठं नव्हतं, पण दोन बायकांना एकमेकींपासून दूर ठेवायला पुरेसं होतं. लोटा आमच्यासोबत आला. कुसुमनं तो कधी वापरला नाही. दर श्रावणात चिंच लावून घासायची, उन्हात ठेवायची, परत कपाटात. नव्या घरातही एक स्टोअर होतं. त्यातला दिवा मी पहिल्या दिवसापासून कधी बंद होऊ दिला नाही. बल्ब गेला की त्याच दिवशी नवा. कुसुम हसायची. "काय हो, उंदरांले परीक्षेले बसवून राहिले का?" आमची मुलगी मीनल, ती मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, ती म्हणायची, "पापा का मंदिर है वो। अखंड ज्योत।" मी चिडायचो. आता वाटतं, तिनं बरोबर ओळखलं होतं. माझ्या घरात एकच देव होता, तो भीतीचा, आणि मी त्याची पूजा एकदाही चुकवली नाही.

एकदा गोल बाज़ारात भांड्यांच्या दुकानात कुसुम परात पाहत होती. मी मागे उभा. समोरच्या गिऱ्हाइकानं मान वळवली, ती दुलारीबाई. केस पिकायला लागले होते. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुसुमकडे. कुसुमचा हात आपोआप कानामागे गेला. दोघी थांबल्या. एक वाट पाहत होती की नातं मोडणारीनं काही म्हणावं. दुसरी वाट पाहत होती की घाबरून गेलेलीनं काही म्हणावं. दुकानदार पराती वाजवून दाखवत होता. एक शब्द माझ्याजवळ होता. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

रिक्षात कुसुम म्हणाली, "तिनं पाहिलं मले. बोलली नाही." मी बाहेर पाहत राहिलो. 

गेल्या पौषात कुसुम गेली. कावीळ नव्हे, हृदय. शेवटच्या दिवसांत तिनं काहीच मागितलं नाही. मीनल रडत होती, म्हणाली, मम्मी को कुछ बोलो ना पापा.  परलोक नाही, पुनर्भेट नाही, हे मला माहीत होतं आणि त्या माहितीत उभं राहायला जागा नव्हती. कुसुमनंच माझा हात दाबला. "भोजलीले सांगजा," ती म्हणाली. बस्स. देवाचं नाव नाही, बुद्धांचं नाही, माझंही नाही. तिच्या आयुष्यात एक गोष्ट होती जी तिच्यापेक्षा मोठी होती, आणि तिला खात्री होती की ती गोष्ट अजून आहे. भोजली आली नाही, बोलली नाही, वीस वर्षं गेली, तरी आहे. मी हो म्हटलं.

आणि सांगितलं नाही. पौष गेला, होळी गेली, उन्हाळा गेला. मी चहा गाळताना, औषध घेताना, दाढी करताना घाबरत होतो. एकदा पुरानी बस्तीच्या वळणापर्यंत जाऊन परत आलो. मला तिच्या शिव्यांची भीती नव्हती. मला भीती होती ती तिला विचारावं लागेल याची, की त्या दुपारी नालीशी माझं बोलणं ऐकलं होतंस का?

गोल बाज़ारातून गाळणी न घेता आलो, त्यानंतरचे दिवस मी मोजत नव्हतो म्हटलं तर खोटं होईल. राखीला मीनलचा फोन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटातून लोटा काढला. या श्रावणात त्याला कुणी घासलं नव्हतं. चिंच भिजवली आणि घासायला बसलो. लोटा उजळत गेला.

गल्ली ओळखू आली नाही. नाली झाकलेली होती, वर फरशी. मुर्रा भाजायचा वास मात्र तोच, गरम वाळूचा. ओसरीवर एक तरुण बाई होती.

"किससे मिलना है, दादाजी?"

मला नाव घेता येईना. इतकी वर्षं मुद्दाम घेतलेलं नाव आता जिभेवर येत नव्हतं. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, पाय लोंबते सोडलेले. बाहेर बायकांचा घोळका टुकन्या डोक्यावर घेऊन गात चालला होता आणि ती त्या आवाजाकडे कान लावून होती.

मी उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो, "जयभीम, भोजली."

तिनं मान माझ्या आवाजाकडे वळवली. त्या घरात असं म्हणणारं माणूस एकच होतं.

"कोन?"

मी लोटा तिच्या हातात दिला. तिनं काठावर बोट फिरवलं आणि तिला कळलं. मग मी सांगितलं, उभ्यानंच, ऑफिसची हिंदी मोडून पडेपर्यंत. टुकनी कुसुमनं नाही, मी फेकली. तत्त्वासाठी नाही, घाबरून. मला वाटलं टुकनी तिला खातेय. कुसुमनं काही म्हटलं नव्हतं. तिला मी सांगितलं की तूच घाबरलीस. आणि पौषात ती गेली.

लोटा मांडीवर धरून तिनं विचारलं, "ओला पता रिहिस?" तिला माहीत होतं का?

"नहीं," मी म्हणालो. मग खरं तेच म्हणालो, "मालूम नहीं."

"बीस बछर मैं ओखर ले रिसाय रहेंव," ती म्हणाली. वीस वर्षं तिच्यावर रुसून होते. आणि एकदम हसली, तेच जुनं हसणं, पण त्याच्या मध्येच आवाज फाटला. "अब काखर ले रिसाहूँ? तैं बता।" आता कुणावर रुसू, तूच सांग. पहिल्यांदाच तिनं मला तैं म्हटलं. बाबू साहेब त्या क्षणी संपला.

मला नालीबद्दल विचारायचं होतं. तिनं विचारू दिलं नाही. सुनेला हाक मारली. "मोला तरिया ले चल। नहाहूँ।" मला तलावावर ने, आंघोळ करायची आहे.

"अम्मा, इस पानी में? डॉक्टर ने मना किया है।"

"मोर भोजली बीत गे हे। पूस म बीत गे, अउ मैं तिहार मनावत रहेंव।" माझी भोजली गेली, आणि मी सण साजरे करत होते.

सून तिला धरून तलावाकडे निघाली. मी मागे. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. घाटावर बायका माती सोडत होत्या, पाणी गढूळ हिरवं झालं होतं. मी त्या आजारानंतर या शहरातलं एक थेंब पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावलेलं नाही. ती पायरी पायरी उतरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, लोटा भरून डोक्यावर घेतला. काही म्हटलं नाही, मंत्र नाही, गाणं नाही. पाणी वाहत होतं आणि ती कुसुमसाठी उभी होती, इतकंच. मग तिनं मान न वळवता म्हटलं, "तहूँ आ।" तूही ये.

मी चपला काढल्या. शेवाळलेली पायरी पायाला लागली. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. तिनं आंधळेपणानं हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि लोटा माझ्या डोक्यावर रिता केला. पाणी डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. मी ते गिळलं. भीती गेली नाही, ती तशीच छातीत होती. पण पहिल्यांदाच ती माझ्या एकट्याची नव्हती. वडिलांना नदीत टाक सोडताना काय मिळालं असेल ते मला वाटलं त्याहून वेगळं असावं. पाठ सरळ होते ती कुणापुढे न वाकल्यानं, असं मी आयुष्यभर मानलं. त्या घाटावर मी वाकलो होतो, एका म्हातारीच्या हाताखाली, आणि मला लाज वाटली नाही.

वर आल्यावर एका बाईनं आपल्या टुकनीतली रोपं तिच्या हाती दिली. मला वाटलं आता ती माझ्या कानामागे खोचेल. मी मान थोडी झुकवलीसुद्धा. तिनं रोपं माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

"ओखर फोटो होही। कान म खोंच देबे।" तिचा फोटो असेल, त्याच्या कानाशी खोच.

"जयभीम, भोजली," मी म्हणालो.

ती निघता निघता थांबली. "सीताराम," एवढंच म्हणाली. पुढचा शब्द म्हटला नाही. तो माझा नव्हता.

मेश्राम, हा लेख यंदाच्या अंकात छाप, आणि माझ्या परिचयातलं ते वाक्य काढ. पुढच्या एप्रिलला माइक दिलास तर मी हेच सांगेन. टाळ्या नाही पडल्या तरी चालेल.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. कुसुमच्या फोटोला मी कधी हार घातला नाही, उदबत्ती लावली नाही. फ्रेमच्या कडेला, तिच्या डाव्या कानाच्या जागी, काच आणि लाकूड यांच्या फटीत रोपं खोचली. ओली होती, मऊ होती, तशीच पिवळी. ती माझ्याकडे झुकली होती की खिडकीकडे, हे मी पाहत उभा राहिलो.

मग स्टोअरपाशी गेलो आणि दिवा बंद केला. आत पूर्ण अंधार झाला. दार उघडंच ठेवलं, आणि अंगावरचे ओले कपडे बदलायला गेलो.